जो बसते तो उपस्थित

काका, तुमची शोकसभा उत्साहात संपन्न झाली.

हे मी म्हणत नाही. तुमच्या जागी रिसोडला जो नवा वार्ताहर आला आहे, त्यानं पाठवलेल्या बातमीची पहिलीच ओळ तशी होती. त्यानं मुद्दाम लिहिलं नसणार. रक्तदान शिबिर असो, हळदीकुंकू असो की नळयोजनेचं भूमिपूजन, आपल्याकडे सगळंच उत्साहात संपन्न होतं. हात वळणानं तेच लिहून जातो. अकोल्याच्या ऑफिसात संध्याकाळी मी ती ओळ वाचली आणि टेबलाशी एकटीच हसत सुटले. शेजारच्या सहकाऱ्यानं विचारलं, काय झालं. मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. हसू थांबलं तेव्हा डोळे पुसावे लागले. तुम्ही असता तर माझ्यापेक्षा जास्त हसला असता आणि मग गंभीर चेहरा करून म्हणाला असता, "राहू दे वं तसंच. खोटं काय हाये त्यात? चहा चांगला होता म्हणते."

"उत्साहात संपन्न" मी काढलं. पण बातमीच्या खाली, नेहमीप्रमाणे, "यावेळी" हा शब्द होता आणि त्याच्यापुढे नावांची लांब रांग. पान पाहणाऱ्या सरांनी सांगून ठेवलं होतं, जागा कमी आहे, नावं अर्धी करा. बाकीची बातमी झाली, आणि त्या एका परिच्छेदापाशी माझा हात थांबला. नावं ठेवायची की कापायची? इतकी वर्षं आपण दोघं याच एका गोष्टीवरून भांडत आलो. तुम्ही गेलात, आणि भांडण तसंच माझ्या टेबलावर ठेवून गेलात.

आपली पहिली भेटसुद्धा नावावरूनच झाली होती. मी तेव्हा शाळेत होते. बाबा बिछायत केंद्रात कामाला. रिसोडात कुठलाही कार्यक्रम असला की सतरंज्या, खुर्च्या, मंडपाचे बांबू घेऊन टेम्पो जायचा आणि त्यात बाबा असायचे. त्या दिवशी रक्तदान शिबिर होतं आणि मी बाबांचा डबा घेऊन गेले होते. तुम्ही वही घेऊन मंडपात फिरत होता. पुढाऱ्यांची नावं लिहून झाली, डॉक्टरांची झाली, आणि मग तुम्ही खुर्च्यांची थप्पी खांद्यावर घेतलेल्या बाबांना अडवलं.

"देवराव, पूर्ण नाव सांग तुह्यं."

"कायले?"

"बातमीत घेतो. उपस्थित म्हणून."

"मी तं खुर्च्या लावून राह्यलो. मी कवा उपस्थित होतो?"

"सकाळपासून इथंच हाये ना तू?"

"हाये. पण जो बसते तो उपस्थित."

एवढं बोलून बाबा थप्पी घेऊन पुढे गेले. तुम्ही पेन उघडं धरून तसेच उभे राहिलात. मग माझ्याकडे वळून विचारलंत, पेपर वाचता येतो का. मी हो म्हटल्यावर खिशातला पेपर काढून दिलात आणि मोठ्यानं वाचायला लावलंत. मी बातमी वाचली, आणि बातमी संपल्यावर खालची नावंही एकेक करून वाचली. इतर कुणी मूल तिथे थांबलं असतं. तुम्ही म्हणालात, बारावी झाली की दुकानात ये.

मी खरंच आले. बसस्टँडजवळचं तुमचं लग्नपत्रिका छापायचं दुकान, त्यातला तो एक कॉम्प्युटर आणि मराठी टायपिंग शिकवताना माझ्या मागे उभे असलेले तुम्ही. पत्रिका हा तुमचा धंदा होता आणि बातमी हा तुमचा जीव. दुपारी दुकान काकूंवर सोपवून तुम्ही लुनावर निघायचा. रिसोडची नगर परिषद, जवळच्या शिरपूरचं एखादं मंडळ, आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावची सभा, यात्रेच्या दिवसांत पोहरादेवी. एका गावची बातमी दुसऱ्या गावात पोचली पाहिजे, असं तुम्ही म्हणायचा. "शिरपूरच्या शाळेत झाडं लागली हे रिसोडच्या शाळेले कळलं पाह्यजे. मंग त्याइलेही लाज वाटते." कॉलेज सुरू झाल्यावर सुट्टीच्या दिवशी तुम्ही मलाही सोबत न्यायला लागलात. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. एखादी मुलगी वही घेऊन सभेत पुढे बसू शकते, हे मला तुमच्यामुळे कळलं.

नाव कसं विचारायचं हे तुम्ही शिकवलंत. वस्तीतल्या बाया पाण्यासाठी नगर परिषदेच्या बैठकीला आल्या होत्या तो दिवस मला आठवतो. मी एका म्हातारीला नाव विचारलं. ती म्हणाली, लिही, शंकरची माय. मी तसं लिहायला लागले तर तुम्ही माझा हात धरलात. तिच्याशेजारी खाली बसलात आणि म्हणालात, मावशी, शंकरचं नाही, तुमचं. तिला खरंच आठवावं लागलं. मग ती लाजून हसली आणि म्हणाली, "गंगू. पण त्या नावानं मले आता कोणी बलावत नाही बाप्पा." तुम्ही ते लिहून घेतलंत आणि तिला परत वाचून दाखवलंत. बरोबर आहे का विचारलंत. दुसऱ्या दिवशी पेपरात होतं: यावेळी गंगूबाई आणि तिच्यासोबत आलेल्या सगळ्या बाया उपस्थित होत्या. त्या वॉर्डाचा नगरसेवक बैठकीला आला नव्हता. तो आला नाही असं तुम्ही लिहिलं नाहीत. फक्त त्याचं नाव नव्हतं. पुढच्या बैठकीला तो सगळ्यांच्या आधी येऊन बसला आणि तुमच्या वहीत डोकावत राहिला. वस्तीत नळ यायला त्यानंतरही बराच काळ गेला, पण तो माणूस बैठक चुकवेनासा झाला.

"पेपर वाचते कोण?" तुम्ही म्हणायचा. "ज्याचं नाव असते तो, अन् ज्याचं नसते तो."

आणि शिरपूरचा तो सत्कार. काका, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे तर कशाचे मानू, चुकीचे की चूक निस्तरण्याचे? तेव्हा भारनियमन होतं. लाईन जायची वेळ ठरलेली, आणि कार्यक्रम कधीच ठरलेल्या वेळी सुरू व्हायचे नाहीत. लाईन गेली की कॉम्प्युटर बंद, बातमी अडकली. म्हणून सगळे वार्ताहर करायचे तेच तुम्हीही करायचा: कार्यक्रमाआधीच बातमी लिहून पाठवून द्यायची. पाहुणे काय बोलणार हे तुम्हाला तोंडपाठ होतं. उपस्थितांची नावं मंडळाकडून आधीच यायची.

मी बी.ए. झाले त्या वर्षी शिरपूरच्या मंडळानं परिसरातल्या विद्यार्थ्यांचा सत्कार ठेवला. माझं नाव तुम्हीच दिलं होतं, पण त्या दिवशी तुम्ही स्वतः मालेगावच्या सभेला गेला होता. बाबांनी रिसोडहून टेम्पोनं खुर्च्या नेल्या. मी आईची चांगली साडी नेसले होते. आम्ही सगळे बसून राहिलो, आणि पाहुणे आलेच नाहीत. त्यांना दुसरीकडे जावं लागलं, असा निरोप आला. अंधार पडायला लागला तेव्हा मंडळाच्या पोरांनी माईकवरून सांगितलं, कार्यक्रम पुढे ढकलला आहे. बाबांनी खुर्च्या पुन्हा टेम्पोत भरल्या. परत येताना टेम्पोत मी त्या खुर्च्यांशेजारी बसून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात तुमची लुना थांबली. पेपर काखेत होता. तुम्ही चहासुद्धा नको म्हणालात.

"देवराव, टेम्पो काढा लागते."

"काहून?"

"काल जे झालं ते आज करा लागते."

बाबांना काही कळेना. तुम्ही पेपर माझ्या हातात दिलात. मी वाचलं: शिरपूर येथे गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार उत्साहात संपन्न. मान्यवरांच्या हस्ते शाल व श्रीफळ. यावेळी अमुक, तमुक आणि गावकरी मोठ्या संख्येने उपस्थित होते.

तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. दुरुस्ती छापून आणता आली असती, पण ती चूक छापली म्हणून असते. तुम्हाला चूकच नको होती. "खोटी बातमी मले आजवर लागली नाही," तुम्ही म्हणालात. "आजचा दिवस हाये. लोकाइचा पेपर वाचून व्हायच्या आत खरी करू." मग दिवसभर जी धावपळ झाली तिची गोष्ट शिरपुरात अजून सांगतात. यादीतलं एकूण एक नाव तुम्ही गोळा केलंत. एकजण मालेगावला सासुरवाडीत गेला होता. त्याला जीपनं जेवणावरून उठवून आणलं. तो सभेत हात न धुतल्यासारखा बसला होता. गावकरी मोठ्या संख्येनं हवे होते, म्हणून गावातल्या जैन मंदिराच्या वाटेवरच्या यात्रेकरूंनाही तुम्ही बोलावून बसवलंत.

राहिले मान्यवर. पाहुणे येतील की नाही अशी शंका होती, म्हणून तुम्ही त्यांचं नाव लिहिलं नव्हतं, नुसतं मान्यवर लिहिलं होतं. मंडळाची पोरं विचारायला लागली, काका, आता मान्यवर कुठून आणायचे? तुम्ही मंडपात नजर फिरवलीत. बाबा नेहमीप्रमाणे शेवटची रांग सरळ करत होते.

"देवराव, इकडं ये. ह्या खुर्चीवर बस."

"ते पाहुण्याची हाये."

"तूच आणली ना थे? बस म्हणतो तं बस."

बाबा बसले. अर्ध्या खुर्चीवर, कधीही उठायला लागेल असे. सगळ्या मुलांना त्यांच्या हातून शाल आणि नारळ मिळाला, आणि शेवटी मला. बाबांनी नारळ माझ्या हातात ठेवला आणि हळूच म्हणाले, नीट धर, पडन. एवढंच. माझ्या लग्नातसुद्धा बाबा तसे दिसले नाहीत, जसे त्या दिवशी दिसले. काका, तुम्ही बातमी खरी करायला गेलात आणि माझ्या बापाला खुर्चीवर बसवून आलात.

आणि तरी त्यांचं नाव पेपरात आलं नाही. तुम्ही त्याच दिवशी दुसरी बातमी लिहिली होती, प्रमुख पाहुणे म्हणून देवराव खिल्लारे. ऑफिसनं छापली नाही. झालेला कार्यक्रम पुन्हा कसा होईल, असं त्यांनी विचारलं. तुम्ही चिडला होता. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, बरोबरच आहे त्यांचं.

त्यानंतर मला अकोल्याला पाठवायला बाबांना तुम्हीच तयार केलंत. पोरीनं एवढ्या लांब एकटीनं राहायचं, पेपरच्या ऑफिसात काम करायचं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. तुम्ही त्यांना सांगितलंत, "तिचं नाव बातमीच्या वर येईल देवराव, आपल्यासारखं खाली नाही." उपसंपादकाचं नाव वर येत नाही आणि खालीही येत नाही, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. बाबांना तुम्ही ते सांगितलं नाहीत. मीही नाही.

मग मी टेबलाच्या या बाजूला आले, आणि आपलं भांडण सुरू झालं. सगळ्या तालुक्यांतून बातम्या यायच्या आणि प्रत्येकीच्या शेपटाला नावं. त्यातली निम्मी रोज तीच. मी कापायचे. सकाळी तुमचा फोन यायचा. "काय वं, आज पुन्हा कापले?" मी म्हणायचे, काका, त्या जागेत एका खड्ड्याची बातमी बसते. तुम्ही म्हणायचा, खड्डा बुजवायला माणसंच लागतात. मी म्हणायचे, पुढाऱ्यांची नावं छापायला पेपर काढलाय का? तुम्ही म्हणायचा, पुढाऱ्याचं काप, पण गंगूबाईचं कापू नको. मी विचारायचे, ओळखू कशी इथे बसून, कोण पुढारी आणि कोण गंगूबाई? त्यावर तुम्ही फोन ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच नावं, तितकीच.

मला आजही वाटतं, माझं अगदीच चूक नव्हतं. आणि तुमचंही नव्हतं. दोन्ही बरोबर असलेलं भांडण मिटत नाही, हे मला तुमच्याकडून समजलं. पण ते भांडता यावं एवढी भाषा, एवढा धीर मला कुणी दिला होता? ज्यानं मला टायपिंग शिकवलं त्याच्याच बातम्यांवर मी लाल रेघ मारत होते, आणि त्याला माझा राग यायचा पण माझ्याबद्दल वाईट कधी वाटलं नाही. काकू सांगतात, शेजारीपाजारी तुम्ही फुशारकी मारायचा, माझी बातमी आता माझीच पोरगी तपासते.

शेवटच्या फोनवर मी एक गोष्ट बोलून गेले. नेहमीचंच चाललं होतं, आणि माझ्या तोंडून निघालं, "काका, एवढी नावं छापली तुम्ही जन्मभर. आमच्या बाबांचं एकदाही नाही."

मागून काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"त्यानं येऊ देल्लं नाही, बाई," तुम्ही म्हणालात. "मी हरलो त्याच्यापुढं. तू पाह्य."

मी हो म्हटलं, आणि कामात होते म्हणून फोन ठेवला. आभार मानायचे राहून गेले. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार कोण मानतं? तुम्हीच ओरडला असता.

त्याच दिवशी सकाळी शोकसभेला मी रिसोडला आले होते. समाजमंदिराचं सभागृह भरलं होतं. काकू पुढे बसल्या होत्या. गंगूबाई आता नाही, पण तिची सून आली होती आणि तिनं वार्ताहराला स्वतःचं नाव न अडखळता सांगितलं. भाषणं झाली. ज्यांना तुम्ही वर्षानुवर्षं छापलं ते सगळे आज तुमच्याबद्दल बोलत होते, आणि त्यातले बरेचजण खरं बोलत होते. खुर्च्या बाबांनीच लावल्या होत्या. केंद्राच्या मालकानं आता त्यांना जड काम करू नका म्हणून सांगितलं आहे, पण त्या दिवशी त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मी मागे वळून पाहिलं. बाबा नेहमीप्रमाणे दाराबाहेर टेम्पोकडे जाताना दिसले. मग मला पुढे बोलायला बोलावलं. मी काय बोलले ते मला आठवत नाही.

तर बातमी माझ्यापुढे होती आणि सर जागेसाठी थांबले होते. मी नावं वाचू लागले. नगराध्यक्ष, माजी नगराध्यक्ष, संस्थांचे अध्यक्ष. मधेच: उपसंपादक प्रज्ञा खिल्लारे. नव्या वार्ताहरानं माझं नाव घेतलं होतं, आदरानं, हुद्द्यासकट.

मी सरांना जाऊन म्हटलं, ही नावं मला सगळी ठेवायची आहेत. ते म्हणाले, मग बातमी कमी करा. मी बातमी कमी केली. तुमचा परिचय कापला, तुम्ही कुठे जन्मलात, कुठले पुरस्कार मिळाले, ते सगळं. तुम्हाला त्याची काही पडलेली नव्हती. नावं राहिली. मग माझं नाव मी हुद्द्यासकट कापलं आणि त्या जागी लिहिलं, देवराव खिल्लारे. त्याच्या शेजारी गंगूबाईच्या सुनेचं नाव वर आणलं. ते यादीत सगळ्यात शेवटी ढकललेलं होतं.

पान छपाईला गेलं आणि मग मला धाकधूक वाटू लागली. बाबा बसले होते का? मी तर त्यांना बाहेर जाताना पाहिलं होतं. त्यांच्या हिशेबानं ते उपस्थित नव्हतेच. मी तुमच्यासारखंच केलं होतं, काका: आधी बातमी छापली, आता ती खरी कुठून करू? तुमच्याकडे दुसरा दिवस होता, टेम्पो होता, शिरपूरची पोरं होती. शोकसभा पुन्हा भरवता येत नाही.

सकाळी बाबांचा फोन आला. गल्लीतल्या कुणीतरी पेपर दाखवला होता.

"माय, पेपरात माहं नाव हाये."

"हो बाबा." मी ऐकून घ्यायची तयारी केली. "मीच टाकलं."

"बराबर हाये," बाबा म्हणाले. "मी बसलो होतो."

"मी तर तुम्हाला बाहेर जाताना पाहिलं."

"टेम्पोकडं गेलो होतो, मंग वापस आलो. मांगच्या रांगेत जागा होती. शेवटपर्यंत बसलो. खुर्च्या मंग उचलल्या."